क्लेम पॅस्कोने बसवलेला कॉम्प्रेसर

ग्लेनिसच्या पाठीला, मानेला आणि दोन्ही दंडांना घाम येत नसे. तिथली कातडी तिचीच होती, पण मांड्यांवरची काढून तिथे लावलेली. अशा लावलेल्या कातडीला घाम फुटत नाही, तेव्हा उन्हाला जपा, असं अ‍ॅडलेडच्या डॉक्टरांनी तिला घरी सोडताना सांगितलं होतं. थंडीत त्याचं काही वाटलं नाही. आमच्याकडे थंडी मे ते ऑगस्ट, तेव्हा हवा छान असते, संध्याकाळी शेकोटी लागते. पण उन्हं तापायला लागली तेव्हा डॉक्टरांच्या बोलण्याचा अर्थ कळला. घरातल्या घरात चार भांडी विसळली तरी तिचा चेहरा लालबुंद व्हायचा, डोकं गरगरायचं, आणि मग कीथ तिला ओल्या चादरीत गुंडाळून पंख्यापुढे बसवायचा.

मी तेव्हा मुल्कानाच्या हॉटेलात स्वयंपाक करायचे. हॉटेल, पोलीस चौकी, क्लेम पॅस्कोचं गॅरेज आणि रेल्वे बंद झाल्यापासून ओस पडलेली घरं, एवढंच गाव उरलं होतं. ग्लेनिस ही क्लेमची एकुलती एक मुलगी. तिची आई गेली तेव्हा ती शाळेत होती, त्यामुळे अर्धी माझ्याच स्वयंपाकघरात वाढली. पुढे तिने कीथ नोस्केशी लग्न केलं. कीथ दक्षिणेकडच्या जर्मन वस्तीतला, अंगाने थोराड, बोलायला कमी. यालकाराच्या गुरांच्या फार्मवर तो पवनचक्क्या आणि पाण्याच्या टाक्या सांभाळायचा. तिथल्या त्यांच्या घरात रॉकेलवर चालणारा फ्रिज होता. एका सकाळी ग्लेनिस त्याच्याकडे पाठ करून वाकलेली असताना त्याचा भडका उडाला.

त्या फ्रिजची वात कापणं, टाकी भरणं ही कामं कीथची होती. आदल्या आठवडाभर तो गुरांमागे रानात होता आणि वात तशीच राहिली होती. क्लेम याबद्दल तोंडाने कधी काही बोलला नाही. पण त्या दिवसापासून तो जावयाशी सरळ असं काही बोललाच नाही. कीथला ते समजत होतं. यालकाराचं काम सोडून तो बायकोला घेऊन गावात राहायला आला, रेल्वेच्या एका रिकाम्या घरात, सासऱ्याच्या गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर. दोघं रोज एकमेकांना दिसायचे, हात वर करायचे आणि आपापल्या वाटेने जायचे.

जखमा भरल्या तरी मानेवरचा व्रण आखडत चालला होता. ग्लेनिसची हनुवटी हळूहळू डाव्या खांद्याकडे ओढली जात होती. तो व्रण कापून मोकळा करायला हवा होता, आणि हॉस्पिटलने तारीख दिली ती जानेवारीची. पुढची तारीख थेट हिवाळ्यात मिळणार होती, आणि तोवर थांबलं तर मान कायमची तशीच धरेल असं डॉक्टरांचं म्हणणं. विमानाने येणारे डॉक्टर जिवावर बेतलेल्या माणसालाच नेतात. ग्लेनिस तर चालतीबोलती होती. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, जानेवारीत, आमच्या त्या रस्त्याने, गाडीनेच जाणं आलं.

कीथची गाडी जुनी होल्डन होती, मागे लांबट पाठ असलेली. इंजिन ठणठणीत, पण गार हवेचं नाव नाही. दुपारी आत बसलं की भट्टीत बसल्यासारखं व्हायचं. गाडीतली गार हवा म्हणजे शहरी लोकांची थेरं, असं क्लेम जन्मभर म्हणत आला होता. इंजिनाची ताकद खाते, पेट्रोल पिते आणि माणसाला बसल्या जागी शेंबूड आणते. तोच क्लेम एका संध्याकाळी हॉटेलच्या मागच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि मला म्हणाला, "नोला, त्या उलटलेल्या गाडीचा कॉम्प्रेसर माझ्याकडे पडलाय. तिच्या गाडीला बसवतो."

कोणा पर्यटकाची भारीतली होल्डन बैल आडवा आल्याने रस्त्यातच उलटली होती आणि ती क्लेमच्या शेडमागे येऊन पडली होती. तिचं इंजिन रस्ता सपाट करणाऱ्या यंत्रावरचा ड्रायव्हर घेऊन गेला. कॉम्प्रेसर, त्याचं ब्रॅकेट, समोरची जाळी, डॅशबोर्डखालची पेटी, नळ्या, हे सगळं मागे राहिलं. हॉटेलची बिअरची थंड खोली क्लेमच दुरुस्त करायचा, त्यामुळे गॅसची टाकी आणि दाब मोजायची घड्याळं त्याच्याकडे होती.

मी रोज दुपारचं जेवण त्याच्यासाठी शेडमध्ये न्यायचे, म्हणून ते काम होताना मी पाहिलं. त्याने आधी समोरची जाळी रेडिएटरपुढे बसवली, मग आतली पेटी. शेवटी कॉम्प्रेसर. तो चांगलाच जड होता, दोन्ही हातांनी उचलावा लागे. इंजिनाच्या कुशीला बिडाचं ब्रॅकेट आणि ब्रॅकेटवर कॉम्प्रेसर. इंजिनाची पुली फिरते, तिच्यावरचा पट्टा याच्या पुलीला फिरवतो, आणि आत गार करणारा गॅस दाबला जातो. पुल्या एका रेषेत नसल्या तर पट्टा खाल्ला जातो, म्हणून क्लेम सरळ पट्टी लावून परत परत बघायचा, ब्रॅकेटखाली पातळ चकत्या घालायचा आणि काढायचा.

अडचण पट्ट्याचीच होती. कॉम्प्रेसरला स्वतःचा वेगळा पट्टा लागतो, आणि त्यासाठी इंजिनाला दोन खाचांची पुली हवी. ती पुली इंजिनाबरोबर गेली होती. क्लेमने पोर्ट ऑगस्टाहून मागवली. टपालाच्या ट्रकमधून जी आली ती दुसऱ्याच इंजिनाची निघाली. बदलून मागवायला वेळ उरला नव्हता. मग त्याने एकच लांब पट्टा घातला, जो इंजिन गार ठेवणारा पाण्याचा पंपही फिरवणार आणि कॉम्प्रेसरही.

हे त्याला अजिबात आवडलेलं नव्हतं. त्याने कीथला बोलावून घेतलं आणि बॉनेट उघडून दाखवलं. कॉम्प्रेसर जाम झाला तर पट्टा तुटेल, आणि पट्ट्याबरोबर पाण्याचा पंप बंद पडेल. तसं झालं तर हा आखूड पट्टा कॉम्प्रेसर वगळून असा घालायचा आणि गार हवेविना पुढे जायचं. कीथने त्याच्यासमोर पट्टा काढून घालून दाखवला. त्या आगीनंतर मी पहिल्यांदाच त्या दोघांची डोकी एका बॉनेटखाली पाहिली.

ब्रॅकेटबद्दल मात्र कोणी काही विचारलं नाही. ती पर्यटकाची गाडी उलटली तेव्हा ब्रॅकेटच्या एका कानाला, बोल्ट जातो त्या टोकाला, चीर गेली होती. बिडाला साधं वेल्डिंग नीट धरत नाही, म्हणून क्लेमने चीर घासून पितळ वितळवून ती सांधली होती. सांधा सुरेख दिसत होता, सोनेरी, एकसारखा. त्याने त्यावर हातोडीने ठोकून आवाज ऐकला आणि समाधानाने मान हलवली होती.

गॅस भरून झाल्यावर ग्लेनिसला गाडीत बसवून क्लेम गावाबाहेरच्या जुन्या रुळांपर्यंत घेऊन गेला. मी मागे बसले होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आतल्या पेटीतून आधी धुळीचा वास आला, मग कोमट हवा, आणि मग खरोखर गार. ग्लेनिसने शर्टाची कॉलर मागे ओढली आणि मान पुढे केली. त्या कातडीला स्पर्श फारसा कळत नसे. मान तशीच हवेत धरून ती बसून राहिली. मग म्हणाली, "बाबा, हे कळतंय मला. मानेवर कळतंय." क्लेमने रस्त्यावरची नजर हलवली नाही. त्याचे कान तेवढे लाल झाले.

ते निघाले ती पहाट मला चांगली आठवते. मी त्यांना थंड मटण घातलेले ब्रेडचे तुकडे आणि चहाचा थर्मास दिला. मागे पाण्याचा मोठा कॅन, कॅनव्हासची पाण्याची पिशवी, बर्फाची पेटी, चादरी. क्लेमने सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळून पाहिले. मग हात पुसत तो कीथला म्हणाला की डांबरी रस्ता लागेपर्यंत मी ट्रक घेऊन मागून येतो.

कीथ दार उघडून उभा होता. "क्लेम, तुमची माझ्यावर पाळत अजून किती वर्षं राहणार आहे?"

तो आवाज न चढवता बोलला, पण बोलला. ग्लेनिस आतून म्हणाली, कीथ, नको. क्लेमने हातातलं फडकं घडी करून खिशात ठेवलं. "बरं, जावईबापू," तो म्हणाला, "घेऊन जा तुझी बायको." आणि तो शेडमध्ये गेला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मीच तेवढी रस्त्यावर उभी होते.

पुढचं मी ग्लेनिसकडून ऐकलं, थोडं थोडं करून, आणि काही माग काढणाऱ्यांकडून.

आमचा रस्ता म्हणजे मैलोन् मैल पन्हाळी पत्रा. गाडी त्यावरून जाते तेव्हा दात दातांवर आपटतात. सकाळी बरंच अंतर झाल्यावर बॉनेटखालून मोठा आवाज आला. पट्टाच असणार, असं कीथ म्हणाला, आणि आखूड पट्टा हातात घेऊनच खाली उतरला. पट्टा जागेवर नव्हता खरा. पण ब्रॅकेटचा कान मोडला होता, अगदी सोनेरी सांध्याच्या कडेला, आणि तो जड कॉम्प्रेसर कलंडून पंख्यात गेला होता. पंख्याची पाती वाकून रेडिएटरमध्ये घुसली होती. पाणी सगळं वाहून गेलं होतं आणि वाळूने ते पिऊनही टाकलं होतं.

तिथे सावलीला काडी नव्हती. थोडं पुढे कोरड्या ओढ्याकाठी दोनचार झाडं दिसत होती. कीथने कॉम्प्रेसर आणि पाती बाहेर ओढून काढली आणि गाडी तशीच, पाण्याविना, त्या झाडांपर्यंत रेटली. तिथे पोचता पोचता इंजिन जाम झालं ते कायमचंच.

दिवसभर ते कोणीतरी येण्याची वाट बघत बसले. आले-गेले कोणीच नाही. जानेवारीत त्या रस्त्याला कोण फिरकतं? कीथने चादर भिजवून ग्लेनिसला गुंडाळलं. चादर बघता बघता सुकायची. तो पुन्हा भिजवायचा, आणि दर वेळी कॅन थोडा हलका व्हायचा. तिने त्याला सांगितलं की पाणी पिण्यापुरतं राख, मी सोसेन. त्याने ऐकलं नाही. तो स्वतः किती प्यायला हे तिला आठवत नव्हतं. तिच्या मते अगदी थोडं.

दिवस कलताना त्याने मनाशी काहीतरी ठरवलं. पूर्वेकडे, रस्ता सोडून, यालकाराच्या हद्दीत एक पवनचक्की होती. तिची टाकी त्याने स्वतः बांधली होती, ती कधी आटत नाही हे त्याला ठाऊक होतं. कॅनमध्ये उरलेलं सगळं पाणी त्याने बर्फाच्या पेटीत ओतलं आणि पेटी तिच्या हाताशी ठेवली. पिशवीत थोडं होतं ते आणि रिकामा कॅन त्याने घेतला.

गाडी सोडून जाऊ नये हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. ग्लेनिसनेही त्याला तेच सांगितलं. तिने त्याची बाही धरली. तो म्हणाला, "हे पाणी उद्या दुपारपर्यंत पुरेल, तुझ्या कातडीला. मग काय करू? तुझ्याकडे बघत बसू?" तिने बाही सोडली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अल्बी गूल दक्षिणेकडून ट्रक घेऊन आला. अल्बीचा आजोबा अफगाणी, उंटांचे तांडे चालवणारा. अल्बी त्याच वाटांवर टपाल आणि किराणा न्यायचा. त्याची फेरी खरं तर नंतर होती, पण मागच्या वेळी राहून गेलेले पिठाचे कट्टे पोचवायला तो लवकर निघाला होता. त्याने झाडाखालची गाडी पाहिली. ग्लेनिस मागच्या सीटवर अर्धवट शुद्धीत होती. पेटीच्या तळाला थोडं पाणी शिल्लक होतं.

तिने कीथ कुठे गेला ते सांगितलं. अल्बी ट्रकच्या टपावर चढला, चहूकडे पाहिलं. कोणी दिसलं नाही. त्याने बराच वेळ हॉर्न वाजवला. पुढे कित्येक वर्षं तो मला सांगायचा की मी अजून थोडा वेळ वाजवायला हवा होता. पण ग्लेनिसचं अंग तापलेल्या तव्यासारखं लागत होतं, आणि ट्रकमध्ये रेडिओ नव्हता. त्याने पाण्याचा एक डबा झाडाला टेकवून ठेवला आणि तिला घेऊन मुल्कानाकडे सुटला.

हॉटेलात आम्ही तिला थेट बिअरच्या थंड खोलीत नेलं. पिंपांच्या मधे गादी टाकली. मी तिच्या अंगावर ओली फडकी घालत होते, ती मला ओळखत होती आणि नव्हतीही. क्लेम दारात आला. तिला जिवंत पाहिलं, मग अल्बीकडे वळून विचारलं, "काय मोडलं?"

अल्बीने रस्त्यात पडलेला कॉम्प्रेसर पाहिला होता. त्याने सांगितलं.

क्लेम तसाच मागे फिरला आणि ट्रकमध्ये पाणी भरू लागला. तो, अल्बी आणि आमचा पोलीस ड्यूगन, तिघं निघाले. कीथच्या बुटांचे ठसे झाडापासून सरळ पूर्वेला गेले होते, एकाही ठिकाणी न भरकटता. ते माग काढत पवनचक्कीशी पोचले. टाकी भरलेली होती. कीथ तिथे पोचला होता, पाणी प्यायला होता, डोकं भिजवलं होतं; टाकीच्या सावलीत बसल्याची खूणही मातीत होती. तिथेच तो संध्याकाळपर्यंत बसून राहिला असता तर आज जिवंत असता. पण तो उठला होता. भरलेला कॅन घेऊन, उजाडल्यावर, परत निघाला होता.

जातानाच्या वाटेने तो परतला नव्हता. अंतर वाचवायला त्याने दगडांच्या माळावरून तिरपी वाट धरली होती, आणि दगडांवर ठसे उमटत नाहीत. म्हणून तो सापडायला उशीर झाला. दुपार टळून गेल्यावर क्लेमलाच तो दिसला. एका खडकाला पाठ टेकून बसलेला, टोपी मांडीवर. कॅन शेजारी उभा होता, झाकण घट्ट लावलेलं. तो जवळजवळ काठोकाठ भरला होता.

तो तहानेने मेला नव्हता, उन्हाने मेला होता. एवढं ओझं घेऊन, रात्रभर चाललेला माणूस, त्या उन्हात.

ड्यूगनने मला सांगितलं की क्लेम त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि त्याने कॅनचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि पुन्हा बंद केलं. मग त्याने कीथला उचलायला मदत केली.

थंड खोलीत जाऊन ग्लेनिसला सांगायचं काम क्लेमने दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. मी बाहेर थांबले. जाड दारातून आवाज येत नाही. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या भुवयांवर थंडीने दव धरलं होतं.

चौकशी झाली. ड्यूगन भला माणूस. तो शेडमध्ये येऊन क्लेमला म्हणाला की रस्त्याच्या हादऱ्यांनी ब्रॅकेट तुटलं असं मी लिहितो, ते खोटंही नाही, त्या रस्त्याने नवी ब्रॅकेटंही मोडली आहेत. मी डबा घेऊन तिथेच होते. क्लेमने टेबलावर मोडका तुकडा ठेवला होता. त्याने बोटाने दाखवलं. चीर त्याला वाटली होती त्याहून लांब गेली होती. पितळ जिथे संपलं तिथून पुढे ती आत उरली होती, काळी पडलेली.

"जुनी चीर आहे ही," तो म्हणाला. "मी बघायला हवी होती. लिही, सांधा क्लेम पॅस्कोचा."

ड्यूगनने तसं लिहिलं. क्लेमला कोणी शिक्षा केली नाही. पण कोणी केली असावी तसा तो स्वतः वागू लागला. गॅरेज बंद, दाढी वाढलेली, जेवण तसंच परत. ग्लेनिस अजून माझ्याकडेच होती, हॉटेलच्या जाड भिंतींच्या खोलीत. तो रोज तिच्या दाराशी येऊन उभा राहायचा आणि एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत बोलायचा, की सगळं माझ्यामुळे झालं.

एक दिवस तिने त्याला थांबवलं. मान वाकडी असल्याने तिला त्याच्याकडे बघायला सगळं अंग वळवावं लागलं.

"पुरे कर, बाबा. सगळं तूच घेऊन टाकलंस. मला काही ठेवलंच नाहीस."

क्लेमने दाराच्या चौकटीवरचा हात काढला.

"तू सांधलंस ते तुटलं. बरोबर. पण तो गाडी सोडून गेला त्याचा मला राग आहे. मी त्याची बाही सोडली त्याचा आहे. तू मागून येत होतास, त्याने येऊ दिलं नाही, आणि त्याने नको म्हटल्यावर तूही लगेच फिरलास, त्याचाही आहे. मला हा सगळा राग करायचाय. तू दारात रडत उभा राहिलास की मला तेही जमत नाही."

"मग काय करू?" त्याने विचारलं.

"घरी जा. जेव. दाढी कर. त्याची आई येतेय."

कीथची आई, मिसेस नोस्के, अल्बीच्या ट्रकमधून आली, काळ्या कपड्यांत, मांडीवर झाकलेला डबा धरून. कीथला गावाबाहेरच्या दफनभूमीत आधीच पुरलं होतं. त्या उन्हात तिच्यासाठी थांबणं शक्य नव्हतं. कबरीपाशी ती जर्मन भाषेत काहीतरी पुटपुटली. मग तिने विचारलं की तो सापडला ती जागा मला कोण दाखवील? ग्लेनिसला त्या उन्हात जाणं शक्यच नव्हतं. अल्बी पुढे झाला, पण म्हातारी म्हणाली, "तिच्या वडिलांनी दाखवावी."

सोबत बाईमाणूस असावं म्हणून मीही गेले. ट्रकच्या काचा उघड्या होत्या, गरम वारा तोंडावर मारत होता. मिसेस नोस्के मधे बसली होती. वाटेत तिने क्लेमला विचारलं की ते यंत्र कशासाठी असतं. क्लेमने सांगितलं. कसं बसवतात, काय तुटलं, का तुटलं, सगळं, काही न लपवता. तिने मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी तिने विचारलं, "पण त्याने गार होत होतं ना?"

"हो," क्लेम म्हणाला. "तिला गार लागत होतं."

त्या खडकाशी पोचल्यावर ती बराच वेळ उभी राहिली. हात लावला तर पोळेल असा तो खडक होता, तरी तिने तळवा त्यावर ठेवला आणि काढला नाही. पवनचक्की कुठे, गाडी कुठे होती, हे तिने विचारून घेतलं आणि दोन्हीकडे पाहिलं. मग ट्रकच्या सावलीत येऊन तिने डबा उघडला. आत केक होता, वर साखर आणि लोण्याचा चुरा भाजलेला, त्यांच्याकडे करतात तसा. कीथला आवडायचा म्हणून तिने तो घरून करून आणला होता. करताना तिला ठाऊक होतं की खायला तो नाही, पण काहीही न घेता मुलाकडे कसं यायचं, ते तिला कळलं नव्हतं.

तिने सुरीने तुकडे केले. एक मला दिला, एक क्लेमपुढे धरला. क्लेमने मान हलवली. ती हात तसाच धरून उभी राहिली.

"खा," ती म्हणाली. "मी एवढ्या लांबून आणलाय."

त्याने घेतला. लोणी वितळून त्याच्या बोटांवरून ओघळत होतं. तो उभ्या उभ्या चावत होता, आणि त्याने तो सगळा संपवला. तिने दुसरा तुकडा दिला नाही, आणि त्याला माफ केलं असंही ती म्हणाली नाही. डबा बंद केला आणि ट्रकमध्ये जाऊन बसली.

ग्लेनिसच्या मानेवरची शस्त्रक्रिया हिवाळ्यात झाली. उशीर झाल्याने मान अर्धीच मोकळी झाली. ती पोर्ट ऑगस्टाला समुद्राजवळ राहिली, टेलिफोनच्या ऑफिसात कामाला लागली, आणि सुट्टीत बऱ्याचदा दक्षिणेला, मिसेस नोस्केकडे जायची. वडिलांना ती पत्रं पाठवायची, छोटी, कामापुरती. क्लेमने गॅरेज पुन्हा उघडलं, कारण शंभर मैलांत दुसरं नव्हतं आणि लोकांच्या गाड्या मोडतच होत्या. लोक त्याच्याकडे येत राहिले, कामं देत राहिले. बिडाला पितळ लावायचं काम मात्र त्याने पुन्हा हातात घेतलं नाही. कोणी मोडका भाग आणला तर तो म्हणायचा, नवा मागवा, येईपर्यंत इथेच राहा. एकदा एक घाईतला माणूस त्याच्यावर चिडून ओरडला. क्लेमने शांतपणे त्याच्या गाडीची किल्ली आपल्या खिशात टाकली, आणि नवा भाग घेऊन अल्बीचा ट्रक येईपर्यंत तो माणूस आमच्या हॉटेलात शिव्या घालत राहिला.